तळहातावरचं रॉकेल

महादू मिस्त्री खुनशी माणूस होता, हे आधीच सांगून टाकते. आता तो गेल्यावर खालापुरात कुणी "मिस्त्री म्हणजे अगदी देवमाणूस हो" असं म्हणू लागलं की मला हसू येतं. एकदा दाढी करताना वस्तरा त्याच्या कानाला निसटता लागला, तर त्यानं त्या न्हाव्याकडे पुन्हा पाऊल ठेवलं नाही. तेवढ्यावरही भागलं नाही. तो त्याच्या दुकानासमोरून जाताना वाढलेली दाढी मुद्दाम कुरवाळत, सावकाश जायचा. आमच्या यांनी एकदा घाईत मोटार इन्स्पेक्टरला त्याच्या आधी चहा दिला, तर पुढे कितीतरी दिवस हा गडी घरून तांब्यातून चहा आणून आमच्याच बाकावर बसून प्यायचा. आमच्याच बाकावर! असल्या माणसाला देव म्हणायचं तर देवांनी तोंड कुठे लपवायचं? मला तो आवडायचा तो याच गुणासाठी. मीही काही विसरणारी बाई नाही.

आमचं चहाचं दुकान मुंबई-पुणे रस्त्याला लागून आणि दुकानाला चिकटून त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार वासे, वर पत्रा आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. मागच्या बाजूला त्याचं घर. पुढे खोपोलीचा घाट उभा, त्यामुळे चढणीला लागायच्या आधी ट्रकवाले इथे थांबून इंजिनाची तब्येत दाखवून घेत.

आलेल्या गाडीचं बॉनेट मिस्त्री कधीच आधी उघडायचा नाही. इंजिन चालू ठेवायला लावायचा, आमच्या बाकावर येऊन बसायचा आणि चहाचा कप तसाच हातात धरून ऐकत राहायचा. ड्रायव्हर बिचारा "कार्बोरेटर असंल का, मिस्त्री?" असं विचारत भोवती घुटमळायचा. मिस्त्री म्हणायचा, "तुला ठावं हाय तर माज्याकडं कशाला आलास रं? जा, घाट चढ." मग मला हाक यायची, "वैनी, कागूद." मी भजी बांधायच्या रद्दीतला एक तुकडा द्यायची. तो सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा. कागद एकसारखा बाहेर फडफडला तर बरं. मधेच आत ओढला गेला की त्याचा चेहरा खुलायचा. "व्हाल्व जळलाय," म्हणायचा, जणू ती त्याच्या दुश्मनाचीच बातमी होती.

उभ्या उभ्या इंजिन अडखळत असेल, मिसिंग करत असेल, तर तो एकेका प्लगची तार काढून पाहायचा. तार काढली आणि आवाज बिघडला, तर तो सिलिंडर काम करतोय. तार काढूनही आवाजात काडीचा फरक पडला नाही, तर तो आधीच मेलेला. हीच परीक्षा तो माणसांना लावायचा. आमच्या दुकानात एक पेन्शनर येऊन गावच्या भल्याबद्दल तास तास बोलायचे. मिस्त्री माझ्याकडे वाकून म्हणायचा, "वैनी, ह्यांची तार काडून बगायची का? काय बी फरक नाय पडनार." हसण्याच्या नादात मला चहात साखर किती टाकली ते आठवायचं नाही.

गॅरेजच्या मागच्या फळ्यांवर खिळे मारून त्यानं जळके प्लग, तुटके पट्टे, फुटके पाइप टांगून ठेवले होते. कुणी विचारलंच तर हा प्लग कुणाच्या कंजूषपणामुळे गेला, हा पट्टा कुणी वेळेवर बदलला नाही, हे गाडीमालकाच्या नावासकट सांगायचा. नाही विचारलं तरी सांगायचा. मालक लोक त्या भिंतीकडे बघायचं टाळत.

आणि तो चुकायचाही. कशेळ्याकडून लाकूड घेऊन आलेली एक गाडी दर मैल-दीड मैलावर बंद पडत होती. मिस्त्रीनं विजेचा दोष धरला आणि सकाळपासून सगळं खोलून जमिनीवर मांडलं. दुपार झाली तरी गाडी आपली तशीच. शेवटी क्लीनरनं सहज पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं तर आत हवा सुस्कारा टाकत गेली. झाकणाचं बारीक भोक कुणीतरी गळती थांबवायला साबणानं बुजवलं होतं. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल पुढे येत नव्हतं. झालं. मिस्त्रीनं ते झाकण हिसकावून घेतलं आणि जाऊन विहिरीत टाकलं. स्वतःची चूकही त्यानं कधी माफ केली नाही.

पण मला सांगायचं आहे ते गणपाचं.

गणपा त्याचा धाकटा भाऊ, कर्जतच्या बाळाशेठच्या ट्रकवर ड्रायव्हर. हसतमुख पोरगा. दुकानात आला की स्वतःच कप विसळून ठेवायचा. युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मोजून मिळायचं, म्हणून ट्रकांच्या मागे कोळशाच्या मोठ्या टाक्या बसवल्या होत्या. कोळसा धुमसवायचा आणि त्याच्या धुरावर, म्हणजे गॅसवर, इंजिन चालवायचं. सपाटीला हे चालून जायचं. घाटात मात्र गॅसला जोर नसायचा. तिथे ड्रायव्हर गॅस बंद करून पेट्रोल सोडत. घाटापुरतं पेट्रोल प्रत्येक गाडीच्या लहान टाकीत ठेवलेलं असायचं.

घाटातल्या एका वळणावर गणपानं पेट्रोल सोडलं आणि इंजिन बंद पडलं. भरलेला ट्रक मागे घरंगळला आणि दरीत गेला. क्लीनरनं उडी टाकली म्हणून तो वाचला. गणपा वाचला नाही.

पोलिसांच्या आधी बाळाशेठ पोचला. "प्यायला होता हो," असं तो पहिल्यापासून सांगत सुटला. गणपा शिमग्याला थोडी घ्यायचा हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे लोकांना पटायला वेळ लागला नाही. कागदावर तेच लिहिलं गेलं. बाजारात तेच बोललं गेलं. गणपाची बायको हौसा दारुड्याची बायको झाली आणि पोरं दारुड्याची पोरं.

मिस्त्री त्या दिवशी दरीत उतरला होता. वर आला तो उजवा हात अंगापासून लांब धरून. दुकानात मी त्याला पाणी दिलं, ते त्यानं डाव्या हातानं घेतलं. मला वाटलं, हात दुखावला असेल. नंतर कळलं ते असं. पेट्रोल ओळखायची त्याची रीत म्हणजे थेंब तळहातावर घेऊन फुंकर मारायची. पेट्रोल असेल तर क्षणात उडून जातं आणि हात गार पडतो. रॉकेल उडत नाही, चिकट राहतं, साबण लावला तरी वास सोडत नाही. फुटक्या टाकीत उरलेला घोट त्यानं हातावर घेतला होता. तो उडाला नव्हता. ड्रायव्हर लोकांच्या वाट्याचं पेट्रोल बाळाशेठ चोरून बाहेर विकत होता आणि टाकीत रॉकेल भरत होता.

हे मिस्त्रीनं कुणालाही सांगितलं नाही. मला नाही, यांना नाही, स्वतःच्या बायकोला, भागीलाही नाही. भागीला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत कर्जतला पोचलं असतं, हेही खरंच.

उलट तो बाळाशेठच्या गाड्या दुरुस्त करत राहिला. आधीपेक्षा नीट करत राहिला. शेठची गाडी आली की हातातलं दुसरं काम बाजूला. "शेट, तुमची गाडी म्हंजे आमच्या घरची," असं तोंडभर बोलायचा. माझा संताप व्हायचा. मी एकदा तोंडावर म्हटलं, "मिस्त्री, लाज कशी वाटत नाही? त्याच्या गाडीत तुमचा भाऊ मेला."

तो नट आवळत होता. वर न बघता म्हणाला, "वैनी, त्याच्या गाडीला दुसऱ्या कुनाचा हात लागू द्यायचा नाय मला."

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. यांना थोडा लागला असावा. एकदा हे हळूच म्हणाले, "मग एखादा नट सैल सोड की." मिस्त्री त्यांच्याकडे असा बघत राहिला की यांना बाकावर बसवेना. "शेट बसतो का गाडीत?" तो म्हणाला. "गाडीत बसतो कुनाचा तरी गणपा. शेट घरी पाट टाकून बसतो." बाळाशेठ आपल्या ट्रकात कधीही पाय ठेवायचा नाही. कर्जतहून यायचा तोसुद्धा रेल्वेनं आणि टांग्यानं. मिस्त्री वाट बघत होता ती शेठ स्वतः ट्रकात बसण्याची.

या सगळ्या काळात हौसा मागच्या घरात राहत होती, मिस्त्रीच्याच. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. हौसा हनुवटीपर्यंत पदर ओढून त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि दाराआड व्हायची. त्यानंही तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नसेल. तिला काही सांगायचं असलं तर तो भागीला सांगायचा, भागी घरात नसली तर चक्क भिंतीला. "चूल पेटली का इचार गं," असं तो कुडाला म्हणायचा आणि कुडाच्या पलीकडून बांगड्या वाजल्या की समजायचं, पेटली. आम्ही यावर खूप हसलो आहोत. एका छपराखाली दोन माणसं इतकी वर्षं एक शब्द न बोलता राहिली, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

भांडी घासायला हौसा आमच्या मागच्या दाराशी बसायची. घासताना गणपाला शिव्या घालायची. "मेल्या, दारूपायी पोरं रस्त्यावर टाकलीस. नरकात जाशील." रोज. राख आणि शिव्या, दोन्ही तितक्याच जोरानं. तिचा आवाज चढला की गॅरेजमध्ये हातोडीचा आवाज चढायचा. मला वाटायचं, मिस्त्रीला भावाला दिलेल्या शिव्या सहन होत नाहीत.

युद्ध संपलं, कोळशाच्या टाक्या गेल्या. बाळाशेठनं लष्कराचे जुने ट्रक घेतले. पेट्रोल अजून मोजूनच मिळत होतं आणि शेठची खोड गेली नव्हती. त्यातला एक ट्रक सारखा बंद पडू लागला. उभा असताना धडधडायचा, धुराला वास यायचा, चढावर जीव सोडायचा. ड्रायव्हर घाटात न्यायला तयार होईनात. एक काम सोडून गेला, दुसरा गेला. पुण्याला पोचवायचा भात तसाच पोत्यांत पडून होता. शेवटी एका सकाळी शेठ स्वतः आला, पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री.

मिस्त्रीनं इंजिन ऐकलं. कागद मागितला नाही, तार काढली नाही. टाकीत बोट बुडवून तळहाताला लावलं आणि हात पाठीमागे घेतला.

"काय आहे रे?" शेठ म्हणाला.

"गाडीत कायबी दोष नाय, शेट. ड्रायवर भित्री हायती तुमची." मिस्त्री असा गोड बोलला की मी कढई खाली ठेवून बघत राहिले. "मी सोता घाट चडवून दावतो. तुमी शेजारी बसा. मालक सोता बसून गेला म्हंजी उद्या एक ड्रायवर तोंड उघडनार नाय."

शेठला ते पटलं. ड्रायव्हर भित्रे आहेत हे त्याला नेहमीच पटायचं. तो धोतर सावरत वर चढला. मिस्त्रीनं आमच्या यांना हाक मारली. चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा यांच्या हातात दिला आणि मागे पोत्यांवर बसवलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. यांनी पाहिलं आणि जन्मभर सांगितलं. त्याच वळणावर मिस्त्रीनं गाडी मुद्दाम हळू केली. इंजिन दोनदा अडखळलं आणि गप्प झालं. मागून आणखी ट्रक येत होते, तेही थांबले. ड्रायव्हर उतरून पुढे आले. आमचे हे खाली उडी मारून मागच्या चाकाशी गेले. मिस्त्री ब्रेकवर पाय ठेवून स्वस्थ बसला होता.

"चालू कर की," शेठ म्हणाला.

"व्हत नाय."

"मग आता?"

"आता काय न्हाय. माजा पाय हाय तवर हाय." थोड्या वेळानं म्हणाला, "पाय दुकाया लागलाय, शेट."

शेठनं दाराला हात घातला. त्याच्या बाजूला दरी होती. हात त्यानं परत घेतला.

"काय पाहिजे तुला?"

"हितंच व्हता गणपा. त्याच्या टाकीत काय व्हतं?"

"पेट्रोल. दुसरं काय असणार?"

"पाय लयच दुकतोय," मिस्त्री म्हणाला आणि मांडीवर हात ठेवला.

मग शेठ बोलला. रॉकेल होतं, अर्ध्याहून जास्त. मिस्त्री म्हणाला, "मोठ्यानं." शेठ मोठ्यानं बोलला. "आन् पेलेला व्हता का?" नव्हता. "ह्या मानसांना सांग." शेठनं खिडकीतून मागच्या ड्रायव्हरांना ओरडून सांगितलं, रडत सांगितलं. आणि ठोकळा सुरुवातीपासून चाकामागे पक्का बसलेला होता. तो यांनी गाडी थांबल्या थांबल्याच लावला होता. मिस्त्रीनं पाय काढला असता तरी गाडी बोटभर हलली नसती. शेठला ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

मला विचाराल तर तेवढ्यानं माझं समाधान झालं नसतं. पण झालं तेही कमी नव्हतं. त्या दिवसापासून बाळाशेठच्या गाडीवर एकही ड्रायव्हर बसला नाही, ना कर्जतचा, ना खोपोलीचा. त्याचे ट्रक उभ्या उभ्या गंजले. एकात कोंबड्या अंडी घालायच्या, असं लोक सांगायचे. ते ऐकून मला आनंद झाला. अजूनही होतो.

मागच्या एका ड्रायव्हरनं पेट्रोल दिलं, प्लग पुसून घेतले आणि मिस्त्री गाडी वळवून शेठसकट खालापूरला आला. दुपारच्या उन्हात त्यानं शेठला सरळ मागच्या अंगणात नेऊन उभा केला. मी, हे, ड्रायव्हर, अर्धा बाजार मागोमाग. मिस्त्रीचा चेहरा कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला. "भागे," त्यानं हाक मारली, "तिला भायेर बोलव. शेटला कायतरी सांगायचंय."

हौसा दाराआड येऊन उभी राहिली. शेठनं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. रॉकेल, पेट्रोल विकणं, दारूचं खोटं. मला वाटलं ती रडेल, किंवा धावून येऊन शेठच्या तोंडात मारेल. मी तर मनातून वाटच बघत होते.

ती उंबरा ओलांडून बाहेर आली. शेठच्या अंगावरून पुढे गेली आणि मिस्त्रीसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर मागे गेला होता, तो तिनं ओढला नाही.

"तुमाला कवा कळलं?" तिनं त्याला विचारलं. थेट, त्याच्या तोंडाकडे बघून.

मिस्त्रीनं भागीकडे पाहिलं. भागीनं मान वळवली. मग त्याला उत्तर द्यावं लागलं. "त्याच दिवशी," तो म्हणाला.

"त्याच दिवशी. आन् मी रोज तुमचं ताट वाडत व्हते." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मेलेल्या मानसाला मी रोज शिव्या घातल्या. तुमी ऐकत व्हता. भागाबाईला एक शबूद बोलला असता."

"शेटला कळलं असतं," मिस्त्री म्हणाला. "त्याच्या तोंडून वदवायचं व्हतं मला. चार मानसांत."

"चार मानसांचं तुमाला पडलं व्हतं. मला काय, तुमच्या तोंडून ऐकलं असतं तरी चाललं असतं." मग तिनं शेठकडे बोट केलं. "ह्याला शिव्या तरी घालीन मी आता. तुमाला काय म्हनू?"

हौसाला ते आधी कळायला हवं होतं, हे मिस्त्रीला खरंच सुचलं नव्हतं, यावर माझा विश्वास आहे. गणपाचं नाव बाजारात बुडालं, म्हणून बाजारातच वर काढायचं, एवढंच त्याला कळत होतं. ते नाव मागच्या दाराशी, राखेच्या ढिगाजवळ, रोज बुडत होतं, तिकडे थोरल्या दिरानं बघायची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा पोरांना घेऊन माहेरी, कशेळ्याकडे निघाली. कर्जतला जाणारी सर्व्हिस मोटार आमच्या दुकानासमोर थांबली. मी तिला भज्यांचा पुडा दिला, तो तिनं घेतला. खिडकीशी बसली, पोरं मांडीवर. मोटार उभी होती आणि तिचं इंजिन अडखळत होतं. एक सिलिंडर गेलेला होता, हे मलासुद्धा कळत होतं.

मिस्त्री गॅरेजच्या वाशाला टेकून उभा होता. तो आपोआप पुढे झाला. बॉनेटला हात घातला. ड्रायव्हरलाही बरं वाटलं. "बगा बगा, मिस्त्री, सकाळपासनं मिसिंग करतीय."

"त्यानला हात लावू देऊ नका," हौसा खिडकीतून म्हणाली. "चालंल तशी चालू द्या."

ड्रायव्हर गोंधळून दोघांकडे बघत राहिला. मिस्त्रीनं हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरला. मोटार हिसका देत निघाली, तशीच अडखळत कर्जतच्या वाटेला लागली. गाडी दिसेनाशी झाली तरी तो मान जरा कलती करून तिचा आवाज ऐकत रस्त्यात उभा होता. मी त्याला चहाला बोलावलं नाही.